जपून उचललेला हात

नारायणगुड्याच्या बँकेतले लोक सोमवारी जयवंताच्या टेबलाकडे फिरकत नसत. बाई एका कुशीवर कलून बसलेली, गालावर निळसर डाग, चहा पितानाही तोंड वाकडं. एरवीच जिच्या नाकावर राग, तिच्यापुढे अशा दिवशी रजेचा अर्ज कोण नेणार? पण इथे सगळ्यांचीच चूक होत होती. सोमवारी जयवंता आठवड्यात सगळ्यात खूश असायची. आदल्या दिवशी कुठल्यातरी पोरीने तिला मनसोक्त ठोकलेलं असायचं, आणि असं ठोकून घ्यायला मिळावं म्हणून तिने अर्धं आयुष्य वाट पाहिली होती.

तिचं घराणं उदगीरकडचं, शेतकऱ्याचं. आजोबा निजामाच्या राज्यात हैदराबादला आले आणि इथलेच झाले. वडील भगवंतराव कुस्तीवेडे. मुलगा झाला नाही म्हणून हळहळत बसण्यापेक्षा त्यांनी धिप्पाड लेकीच्या हातात बॉक्सिंगचे ग्लोव्ह्ज दिले. लेक शिकली, तयार झाली, पण तिच्या वजनाची दुसरी मुलगीच तेव्हा आसपासच्या चार जिल्ह्यांत नव्हती. स्पर्धा आली की जयवंता रिंगमध्ये चढायची, समोरचा कोपरा रिकामा असायचा, पंच तिचा हात वर करायचे आणि गळ्यात पदक पडायचं. भगवंतरावांनी ती सगळी पदकं दिवाणखान्यात हौसेने टांगली. जयवंता मात्र पाहुण्यांना चहा देताना त्या भिंतीकडे पाठ करून उभी राहायची.

आता तिने चाळिशी ओलांडली होती, आणि आता कुठे शहरात एक्याऐंशी किलोच्या वरच्या मुली बॉक्सिंगला येऊ लागल्या होत्या. त्यांना सरावाला त्यांच्या अंगाची जोडीदारीण मिळायची नाही. मग ज्या त्या क्लबातून निरोप जायचा, नारायणगुड्याच्या बॉक्सिंगच्या शेडमध्ये जयवंताअक्का आहेत, रविवारी तिकडे जा. मुली यायच्या, अक्काला मारायच्या, तिचा मार खायच्या आणि अंग चोळत घरी जायच्या. जयवंता त्यांना शिव्या घालायची, पाय चुकला की ओरडायची, पण मनातून ती त्या प्रत्येकीची ऋणी होती. समोरच्या कोपऱ्यात कुणीतरी उभं आहे, याच्याइतकं सुख तिला दुसऱ्या कशातच वाटत नव्हतं.

म्हणूनच अरविंद तिच्याकडे आला. कुकटपल्लीत त्याचा पंपाचे भाग बनवायचा कारखाना होता आणि डोक्यात बॉक्सिंगचं खूळ होतं. कारखान्याच्या मागे त्याने मुलींसाठी अकादमी काढली होती. राहणं, खाणं, चांगला प्रशिक्षक, देशभरातल्या स्पर्धा, सगळं तिथे होतं. हेवीवेट गटात शहरातल्या पाच होतकरू मुली त्याच्या नजरेत होत्या आणि जागा होत्या दोन. व्हिडिओ बघून बघून त्याचे डोळे दुखले होते. व्हिडिओवरून खरा अंदाज येत नाही, पण तुम्ही पाचही जणींचा मार खाल्लाय, तेव्हा पहिलीपासून पाचवीपर्यंत क्रम तुम्हीच लावा, मी पहिल्या दोघींना घेतो, असं त्याने सरळ सांगून टाकलं. रविवारी दुपारपर्यंत त्याला उत्तर हवं होतं.

जयवंताची पारखायची रीत तिची तिलाच ठाऊक. मार खाल्लेल्या दिवशी ती काहीच ठरवायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना अंग काय बोलतं ते ऐकायची. रोशनीशी खेळलं की डाव्या कुशीवर झोपायची सोय उरत नसे. पोरगी पोटात आणि बरगडीत असा हात घालायची की केस विंचरायला हात वर नेणं जिवावर यायचं. प्रियदर्शिनीचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, टापटीप, नाकाच्या शेंड्यावर येऊन बसायचा, दुसऱ्या दिवशीही शिंक आली की डोळ्यांतून पाणी. बाकी दोघींपैकी एक दुसऱ्या राउंडलाच धापा टाकायची आणि दुसरी मारताना डोळे मिटून घ्यायची. त्यांचे नंबर लावायला जयवंताला चहाचा एक कपही लागला नाही.

उरली दीक्षा, आणि तिथेच सगळं अडलं. दीक्षाशी कितीही राउंड खेळा, दुसऱ्या दिवशी जयवंता ताजीतवानी उठायची. गाल जागेवर, बरगड्या जागेवर, बँकेत हसून बोलायची ताकदसुद्धा शिल्लक.

ही दीक्षा तिला सगळ्यांत जवळची, आणि दुखणं तेच होतं. भगवंतरावांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या वॉर्डात सखू नावाची नर्स होती, नांदेडकडच्या बौद्ध कुटुंबातली. तिची मुलगी आईचा डबा घेऊन यायची. चांगली उंचनिंच, भरल्या अंगाची, पण कमी दिसावं म्हणून खांदे पाडून, भिंतीला धरून चालायची. एकदा वॉर्डबॉय जागेवर नव्हता तेव्हा तिने ऑक्सिजनचं सिलिंडर एकटीने कडेला सारलं. जयवंताने ते पाहिलं आणि विचारलं, वजन किती तुझं? पोरीचा चेहरा रडवेला झाला. शाळेत याच प्रश्नावर तिला सगळे चिडवायचे. तिने पुटपुटत आकडा सांगितला. छान आहे, जयवंता म्हणाली, उद्यापासून ये. आपल्या वजनाला कुणी छान म्हणतं हे दीक्षाने तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

तेव्हापासून रोज सकाळी बँकेत जाण्याआधी जयवंता तिला शिकवत होती. पोरीचे खांदे वर आले, ती रस्त्याच्या मधून चालायला लागली. सरावाच्या टांगलेल्या बॅगवर तिचा हात पडला की शेडचे पत्रे थरथरायचे. पण बॅग काही उलटून मारत नाही, आणि बॅगपुढे शूर झालेल्या पुष्कळ मुली जयवंताने पाहिल्या होत्या. दोनच स्पर्धा दीक्षाच्या वाट्याला आल्या. एकीत समोरची आलीच नाही, दुसरीत दीक्षा अगदी सांभाळून खेळली आणि गुणांवर कशीबशी जिंकली. माणूस समोर आला की हिचा हात हलका पडतो, असं जयवंताने मनाशी ठरवून टाकलं होतं.

पहिली रोशनी, दुसरी प्रियदर्शिनी, तिसरी दीक्षा. प्रामाणिकपणे बघितलं तर हाच क्रम होता. जयवंताने तो दोन दिवस मनात उलटसुलट करून पाहिला. आपल्या पोरीला वर चढवायचा मोह तिला झाला नाही असं नाही, चांगला झाला. पण आयुष्यभर न लढता पदकं घेतलेल्या बाईला दुसऱ्या कुणाला तसंच पदक देववेना. आणि ज्या मुलीचं नाव गळणार, तिला ते दुसऱ्याच्या तोंडून कळू द्यायचं नाही, एवढंही तिने ठरवलं होतं. शनिवारी संध्याकाळी ती गौलीगुड्याला दीक्षाच्या घरी गेली.

बसस्टँडच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. दीक्षाचे वडील संभाजी बस डेपोत टाइमकीपर, ते अजून ड्यूटीवर होते. सखू नुकतीच हॉस्पिटलमधून आलेली. ताई आल्या म्हटल्यावर तिने खुर्ची पुसली, पंखा तिच्याकडे वळवला, चहा टाकला, बेकरीतून बिस्किटं आणवली. या घरात जयवंताचं असंच व्हायचं. सण असो नसो, डबा तिच्या घरी पोचायचा. तिला साधा ताप आला तरी सखू ड्यूटी संपवून गोळ्या घेऊन हजर व्हायची. जयवंताला ते आवडायचं आणि अवघडल्यासारखंही व्हायचं.

आज तर तिने बिस्किटाला हातही लावला नाही. तिने आडवळण न घेता सांगून टाकलं की अकादमीसाठी दोघींची नावं द्यायची आहेत आणि त्यात दीक्षाचं नाव येत नाही. पोरीची मेहनत आहे, पाय चांगले आहेत, डोकं थंड आहे, पण हातात जोर नाही. समोर माणूस असला की ठोसा लागतच नाही, आणि हेवीवेटला ठोसा लागला नाही तर बाकीचं सगळं असून नसल्यासारखं.

दीक्षाने मान खाली घातली. सखू रडेल, निदान विनवेल, असं जयवंताला वाटलं होतं. पण सखूने हातातला कप खाली ठेवला आणि लेकीकडे पाहिलं.

"ताई, तिचा हात हलका नाई," ती म्हणाली. "मीच बांधून ठेवलाय."

मग तिने सगळं सांगितलं. बॉक्सिंग पंचशीलात बसतं का, यावर या घरात अगदी सुरुवातीला चर्चा झाली होती आणि खेळ तो खेळ असा निकाल संभाजींनी दिला होता. पण शेडमधल्या पहिल्याच आठवड्यात दीक्षा घरी येऊन आनंदाने म्हणाली, आज मावशीच्या गालावर असा बसला माझा हात. सखूच्या हातातली भाकरी तव्यावर करपली. ज्या बाईने आपल्या लेकीला मान वर करून चालायला शिकवलं, तिच्याच तोंडावर लेकीने बुक्की मारायची? संध्याकाळची वंदना झाल्यावर तिने दीक्षाला समोर बसवलं आणि शब्द घेतला. बाकी कुणाला काय मारायचं ते मार, मावशीवर हात उचलायचा तो जपून. लागायला नको.

"उपकार केलेल्या माणसाला कसं मारायचं हो," सखू म्हणाली. "आम्हाला वाटलं, तुम्हाला ठावं असंल."

जयवंताला ठाऊक नव्हतं. दोन वर्षं ही पोरगी रोज सकाळी तिच्यासमोर उभी राहत होती आणि तिला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. तिने दीक्षाकडे पाहिलं.

"खरंय का हे?"

"हौ मावशी," दीक्षा म्हणाली. "पहिले रोकना पडता था. आता हाथ अपने आप रुकता. दुसऱ्या कुणासमोर बी."

जयवंता चहा तसाच टाकून उठली. तिला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हेच कळत नव्हतं. या माणसांनी तिचं भलं चिंतलं होतं, तेही इतक्या मनापासून की त्यात त्यांच्याच लेकीचं नुकसान होत आलं होतं. दारात थांबून तिने एवढंच बजावलं की उद्या सकाळी दोघींनी शेडमध्ये यायचं. सखूने ड्यूटीला दांडी मारली तरी चालेल, पण आलंच पाहिजे.

सकाळी दोघी आल्या. सखू हॉस्पिटलच्या साडीत, पांढऱ्या बुटांत, पर्स मांडीवर घट्ट धरून बाकावर बसली. जयवंताने हेडगार्ड चढवलं, दात सांभाळायचं रबर तोंडात घातलं आणि दीक्षाला खूण केली.

पहिला राउंड फुकट गेला. दीक्षाचे पाय हलत होते, हात सुटत होते, पण गालापाशी आले की मऊ पडत होते. आता कारण माहीत असल्यामुळे जयवंताला नीट दिसलं. हात पूर्ण वेगाने निघत होता आणि अगदी शेवटच्या क्षणी थांबत होता. तिने पोरीला डिवचलं, ठोसे दिले, नको नको ते बोलली. दीक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात काही सुटला नाही.

जयवंता दोरापाशी आली आणि तोंडातलं रबर काढलं.

"सखूबाई, माझ्या सांगण्याने हे व्हायचं नाही. शब्द तुम्ही घेतलाय, तुम्हीच सोडा."

सखूने पर्स आणखी घट्ट धरली. तिने मोडलेले जबडे पाहिले होते, तारांनी बांधलेली तोंडं पाहिली होती. तुम्हाला काही झालं तर आम्ही कुठं फेडायचं, ती म्हणाली.

जयवंताला एरवी बोलायला वेळ लागत नसे. आता तिला शब्द शोधावे लागले. "आमच्या घरी भिंतभर पदकं आहेत, तुम्ही बघितलीत. त्यातली बहुतेक मला न लढता मिळालीत. समोर कुणी नसायचंच. या पोरी आल्या तेव्हा वाटलं, चला, या वयात का होईना, कुणीतरी समोर उभं आहे. मी त्यांची किती आभारी आहे ते मला सांगता येत नाही. आणि सगळ्यात लाडकी जी, तिने मला दोन वर्षं काय दिलं? तेच. रिकामा कोपरा. तुम्हाला माझ्यासाठी काही करायचंच असेल, तर तिला मारू द्या."

सखू उठली. पर्स बाकावर ठेवून ती दोरापर्यंत आली आणि तिने लेकीकडे पाहिलं.

"दीक्षा, शब्द परत घेतला मी. मार."

पुढे नेमकं काय झालं ते जयवंताला नीट सांगता आलं नसतं. डावा हात येताना तिने पाहिला आणि अडवला. उजवा दिसलाच नाही. मग ती खाली बसलेली होती, पाय पसरून, आणि शेडचं छप्पर हळूच एका बाजूला कललं होतं. कानात शिट्टी वाजत होती. जबड्याच्या डाव्या बाजूला एक मोठं, गरम, खरंखुरं दुखणं उभं राहत होतं.

आपण खाली पडलो, हे तिला हळूहळू उमगलं. उभ्या जन्मात तिला कुणी पाडलं नव्हतं. स्पर्धेत पाडायला कुणी समोरच आलं नव्हतं, आणि रविवारच्या पोरींना ते जमलं नव्हतं. तिला रडू आलं, आणि ते दुखल्यामुळे नव्हतं हे तिथे दुसऱ्या कुणाला कळणं शक्य नव्हतं. तिच्या मनात त्या क्षणी फक्त कृतज्ञता होती. या पोरीबद्दल, ऑक्सिजनच्या त्या सिलिंडरबद्दल, हर्नियाबद्दलसुद्धा.

सखू बुटांसकट रिंगमध्ये शिरली होती. तिची बोटं जबड्यावरून फिरली. तोंड उघडा म्हणाली, मिटा म्हणाली, माझ्या बोटाकडं बघा म्हणाली, आज वार कोणता ते विचारलं. हाड शाबूत होतं. दीक्षा ग्लोव्ह्जमध्ये तोंड खुपसून हुंदके देत होती.

"रडतेस काय," जयवंता वाकड्या तोंडाने म्हणाली. "मारल्यावर हात खाली सोडलेस. आधी गार्ड वर घे."

राउंड पुरा करायचा म्हणून ती उठायला लागली, तर सखूने तिला खांदा दाबून खाली बसवलं. आता मी नर्स म्हणून सांगते, ती म्हणाली, आज हाताची घडी घालून गप बसायचं, आणि महिनाभर रिंगचं नाव काढायचं नाही. जयवंतावर एवढा आवाज भगवंतरावांनीही कधी चढवला नव्हता. ती मुकाट्याने बसली.

दुपारी तिने अरविंदला फोन लावला. पहिली दीक्षा, दुसरी रोशनी. अरविंद गोंधळला. दीक्षाचा व्हिडिओ तर कोमट आहे अक्का, तो म्हणाला, आणि तुमचा आवाज असा का येतोय?

"जेवता येत नाहीये मला, म्हणून," जयवंता म्हणाली. "पण क्रम ठोशावर लावलेला नाही. जोरात मारणाऱ्या पुष्कळ आहेत. ही पोरगी पूर्ण वेगाने निघालेला हात रोज माझ्या गालापाशी आणून थांबवायची, दोन वर्षं. तुझ्या कारखान्यातलं एखादं मशीन तरी असं थांबतं का बघ. आणि आणखी एक. तिला तिच्या वयाच्या मुलींसमोर उभी कर. मावशी, काकू, मॅडम असं कुणी तिच्यापुढे आणू नकोस. मला तर नाहीच."

फोन ठेवल्यावर तिला जरा वेळ सुनंसुनं वाटलं. रोजची सकाळ आता रिकामी होणार होती. तिने तोंड धुतलं, ओढणी गालावरून घेतली आणि कुकटपल्लीची बस पकडली. तिसऱ्या नंबरावर आता प्रियदर्शिनी होती, तिचं घर तिकडेच होतं, आणि तिला सांगायचं बाकी होतं.

प्रियदर्शिनीने दार उघडलं आणि ओढणीआडचा गाल पाहून तिथेच थबकली. जयवंताने सोफ्यावर बसायच्या आधीच सांगून टाकलं की तिचं नाव दिलेलं नाही. मुलीचे ओठ घट्ट मिटले. दीक्षामुळे का, तिने विचारलं. जयवंताने होकारार्थी मान हलवली. प्रियदर्शिनी पुढे आली, ओढणी बाजूला केली आणि तो गाल तिने नीट पाहून घेतला, दुकानदार माल पाहतो तसा. मग आत जाऊन फडक्यात बर्फ बांधून आणला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. तिचा आवाज हलला, पण ती म्हणाली.

जयवंताला त्या शब्दासाठी तिचे पाय धरावेसे वाटले. त्याऐवजी तिने सांगितलं की महिन्याभराने, जबडा बरा झाला की, आपल्या रोजच्या सकाळी मोकळ्या आहेत. पुढच्या वर्षी अकादमीत पुन्हा जागा निघणार होत्या.

हे ऐकून प्रियदर्शिनीचे वडील मुकुंदराव आतून बाहेर आले. नळाच्या सामानाचं त्यांचं दुकान होतं, माणूस भला आणि भावुक. त्यांनी जयवंतापुढे दोन्ही हात जोडले. एवढं लागलेलं असताना तुम्ही इतक्या लांब आलात, ते म्हणाले, आमच्या पोरीसाठी तुम्ही रोज वेळ देणार, तुमचे हे उपकार आम्ही जन्मभर...

जयवंताने घाईने बर्फ खाली ठेवला.

"मुकुंदराव, थांबा. मानायचेच असतील तर मनातल्या मनात माना. पोरीला सांगू नका."

मुकुंदरावांना काही उमगलं नाही. ते हात जोडलेले तसेच उभे राहिले. प्रियदर्शिनीला मात्र उमगलं असावं. तिने बर्फ उचलून पुन्हा जयवंताच्या गालावर टेकवला, चांगला दाबून, अक्का कळवळली तरी हात सैल न करता, आणि विचारलं, "सकाळी किती वाजता येऊ?"